संगणकातली खासगी माहिती आणि पासवर्डचं एन्क्रिप्शन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान डेस्कटॉप सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी आहे आणि लिहिणाऱ्यांसाठीही. कळंगुटच्या गेस्ट हाउसचं काउंटर, फोंड्यातला दवाखाना, म्हापशाचं सीए ऑफिस, डिचोलीची पतसंस्था, एखाद्या देवस्थानची समिती, अशा ठिकाणच्या साध्या संगणकांत पासपोर्टच्या प्रती, आजारांच्या नोंदी, कर्जखाती आणि महाजनांच्या, म्हणजे देवस्थानच्या सभासदांच्या, याद्या पडून असतात. लोकांनी ती माहिती विश्वासाने दिलेली असते. ती सांभाळायची कशी, याबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अवघड नंतर. एकदा लिहिलेलं पुन्हा लिहिण्याऐवजी प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. विंडोज सुरू करतानाच पासवर्ड लागतो. मग वेगळं एन्क्रिप्शन कशाला?

विंडोजचा पासवर्ड फक्त विंडोजमधून आत येणाऱ्याला अडवतो. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली, किंवा पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं, की त्या पासवर्डला कुणी विचारत नाही. सगळ्या फाइली जशाच्या तशा वाचता येतात. बिटलॉकर किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ ही विंडोजचीच सोय चालू असेल तर चित्र वेगळं असतं, कारण तेव्हा डिस्कवरचा मजकूरच किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा बदललेला असतो. नव्या विंडोज ११ लॅपटॉपवर ते अनेकदा आपोआप चालू होतं. ऑफिसातल्या जुन्या डेस्कटॉपवर ते बहुधा बंदच असतं. सेटिंग्जमध्ये जाऊन आजच बघा.

पावसाळ्यात यंत्रं बिघडतात आणि दुरुस्तीला जातात. दुकानदार प्रामाणिक असला तरी डिस्क त्याच्या टेबलावर चार दिवस राहते, आणि दुकानात येणारं-जाणारं प्रत्येक माणूस तुमच्या ओळखीचं नसतं.

२. आमचं सॉफ्टवेअर उघडताना पासवर्ड विचारतं. म्हणजे आतली माहिती एन्क्रिप्ट झालेली आहे ना?

असेलच असं नाही. या पानावरचा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. बरीच सॉफ्टवेअर फक्त खिडकी उघडण्यापुरता पासवर्ड विचारतात. मागची डेटा फाइल उघडी असते.

तपासायचं कसं? डेटा फाइलची प्रत काढा आणि ती नोटपॅडमध्ये किंवा डेटाबेस दाखवणाऱ्या एखाद्या मोफत प्रोग्राममध्ये उघडा. एखाद्या ग्राहकाचं नाव किंवा फोन नंबर शोधा. सापडला, तर एन्क्रिप्शन नाही. सापडला नाही, एवढ्यावरून मात्र खात्री धरू नका. फाइल नुसती दाबून लहान केलेली असू शकते.

दुसरी परीक्षा जास्त बोलकी आहे. सॉफ्टवेअर देणाऱ्याला फोन करून विचारा: “पासवर्ड विसरलो तर तुम्ही माहिती परत काढून द्याल का?” “हो, पाच मिनिटांत,” असं उत्तर आलं, तर तेच काम दुसरंही कुणी पाच मिनिटांत करू शकेल. “तुम्ही स्वतः ठेवलेली रिकव्हरी किल्ली नसेल तर नाही,” असं उत्तर ऐकायला वाईट वाटतं, पण तुमची माहिती खरोखर बंद आहे हे त्यातूनच कळतं.

३. हॅश आणि एन्क्रिप्शन यांत फरक काय?

हॅश म्हणजे मजकुरापासून गणिताने काढलेली ठरावीक लांबीची खूण. तो एकेरी असतो, त्यातून मूळ मजकूर परत मिळत नाही. ‘टाकलेला पासवर्ड बरोबर आहे का’ एवढंच तपासायला तो पुरतो. एन्क्रिप्ट केलेला मजकूर योग्य किल्लीने परत मिळतो. प्रश्न २ मधल्या फसव्या सॉफ्टवेअरमध्ये बहुधा पासवर्डचा हॅश नीट ठेवलेला असतो, पण माहिती एन्क्रिप्टच केलेली नसते. नंबरांच्या हॅशबद्दल प्रश्न १९ पाहा.

४. पासवर्ड म्हणजेच किल्ली का?

नाही. एईएस-२५६ या प्रचलित एन्क्रिप्शन पद्धतीला बरोबर २५६ बिटांची, कुठलाही साचा नसलेली किल्ली लागते. माणसाचा पासवर्ड तसा नसतो. म्हणून पासवर्डपासून किल्ली काढणारी एक पायरी मधे असते, आणि ती मुद्दाम संथ ठेवलेली असते. तुम्हाला दिवसातून एकदा अर्धा सेकंद थांबावं लागतं. अंदाज लावणाऱ्याला प्रत्येक अंदाजामागे अर्धा सेकंद मोजावा लागतो.

यासाठी पीबीकेडीएफ२ ही जुनी पद्धत २००० पासून प्रमाणित आहे. एसएचए-२५६ या हॅशबरोबर ती वापरायची तर आज ६ लाख फेऱ्यांची शिफारस आहे. जुन्या उदाहरणांतून उचललेल्या कोडमध्ये अजून १,००० फेऱ्या दिसतात, त्या बदला. २०१५ मध्ये पासवर्ड हॅशिंगच्या खुल्या स्पर्धेत आर्गॉन२ निवडली गेली. ती वेळेबरोबर मेमरीही खाते, त्यामुळे ग्राफिक्स कार्डवर एकाच वेळी हजारो अंदाज चालवणाऱ्याची अडचण होते. तिचा ‘आयडी’ प्रकार घ्या. ६४ एमबी मेमरी, ३ फेऱ्या आणि ४ समांतर धागे ही २०२१ च्या तांत्रिक दस्तऐवजातली शिफारस ४ जीबी रॅमच्या जुन्या ऑफिस संगणकावरही आरामात चालते.

यात सॉल्टही लागतो, म्हणजे प्रत्येक फाइलसाठी नव्याने निवडलेले १६ यादृच्छिक बाइट. दोन दवाखान्यांनी एकच पासवर्ड ठेवला तरी सॉल्टमुळे दोघांच्या किल्ल्या वेगळ्या होतात, आणि नेहमीच्या पासवर्डांच्या आधीच तयार करून ठेवलेल्या याद्या निरुपयोगी ठरतात. सॉल्ट गुप्त नसतो. तो फाइलच्या सुरुवातीलाच लिहून ठेवायचा असतो.

५. जाहिरातीत ‘एईएस-२५६, बँकेच्या दर्जाची सुरक्षा’ असं लिहिलंय. एवढं पुरेसं आहे?

एईएस उत्तम आहे. बेल्जियमच्या दोन संशोधकांची ही रचना २००१ मध्ये अमेरिकेचं प्रमाण ठरली, आणि ती थेट फोडणारा व्यवहार्य मार्ग आजवर कुणाला सापडलेला नाही. पण बिघाड सहसा एईएसच्या आजूबाजूला होतो.

२०१३ मध्ये अडोबीकडून १५ कोटींच्या आसपास खात्यांची माहिती बाहेर पडली. पासवर्ड एन्क्रिप्ट केलेले होते, पण ट्रिपल डीईएस हे जुनं एन्क्रिप्शन वापरून, तेही ईसीबी पद्धतीने. ईसीबीत सारख्या मजकुराचं रूपांतरही सारखंच होतं. त्यामुळे एकच पासवर्ड ठेवणारे सगळे लोक एका गटात दिसले, त्यांच्या ‘आठवण करून देणाऱ्या’ ओळी शेजारीच उघड्या होत्या, आणि किल्ली न मिळताही लोकांनी असंख्य पासवर्ड ओळखून काढले.

म्हणून विक्रेत्याला दोन गोष्टी विचारा. पासवर्डपासून किल्ली कशी काढता? आणि एन्क्रिप्शनची पद्धत कोणती? जीसीएम किंवा चाचा२०-पॉली१३०५ असं उत्तर आलं तर चांगलं, कारण या पद्धती मजकूर झाकतात आणि मधे कुणी एखादा बाइट बदलला तर तेही पकडतात. लिहिणाऱ्यांनी एक पथ्य पाळायलाच हवं: जीसीएममध्ये त्याच किल्लीबरोबर तोच नॉन्स, म्हणजे दर वेळी नवा घ्यायचा आकडा, दोनदा कधीही वापरायचा नाही. दोनदा वापरला तर मजकूर उघडा पडू शकतो आणि छेडछाड पकडण्याची सोयही कोसळते. रोज हजारो नोंदी लिहायच्या असतील तर २४ बाइटांचा नॉन्स घेणारी एक्सचाचा२० जास्त सोपी पडते.

६. एक्सेलच्या शीटला पासवर्ड घातला आहे. चालेल?

‘प्रोटेक्ट शीट’ने फक्त चुकून होणारे बदल टळतात. मजकूर तसाच उघडा राहतो. फाइल, इन्फो, प्रोटेक्ट वर्कबुक, एन्क्रिप्ट विथ पासवर्ड, या वाटेने गेलात तर ऑफिस २००७ नंतरच्या फाइली एईएसने एन्क्रिप्ट होतात. जुन्या ‘एक्सएलएस’ फाइलींचं एन्क्रिप्शन मात्र फार कमकुवत, त्यांत बऱ्याचदा ४० बिटांची किल्ली असते. त्या फाइली नव्या स्वरूपात जतन करून पुन्हा एन्क्रिप्ट करा.

टॅली वापरणाऱ्यांनीही हाच फरक ओळखावा. वापरकर्त्यांचे अधिकार ठरवणारा पासवर्ड वेगळा आणि कंपनीचा डेटा एन्क्रिप्ट करणारा टॅलीव्हॉल्टचा पासवर्ड वेगळा. टॅलीव्हॉल्टचा विसरला तर तो परत मिळत नाही.

७. झिप आणि पीडीएफच्या पासवर्डचं काय?

झिपची जुनी पद्धत १९९४ पासून फोडता येते. सेव्हन-झिपमध्ये एईएस-२५६ निवडा, आणि ७झेड स्वरूप घेतलंत तर फाइलींची नावं झाकण्याचा पर्यायही चालू करा. ‘एचआयव्ही अहवाल’ हे नुसतं नाव दिसलं तरी पुरे होतं.

पीडीएफला दोन पासवर्ड असतात. उघडण्याचा पासवर्ड मजकूर बंद करतो. छपाई किंवा कॉपी रोखणारा पासवर्ड वाचणाऱ्या प्रोग्रामला केलेली विनंती असते, आणि ती न मानणारे प्रोग्राम भरपूर आहेत. ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मवर्ष. नाव फाइलवरच लिहिलेलं असेल तर शोधायला उरतात जेमतेम शंभर वर्षं. अशी फाइल पासवर्ड आहे म्हणून सुरक्षित समजू नका, ती एन्क्रिप्ट केलेल्या जागेतच ठेवा. नुसती ओळख पटवायची असेल तर शेवटचे ४ अंकच दाखवणारं मास्क्ड आधार मागा.

८. पासवर्ड किती मोठा हवा?

प्रश्न ४ मधला अर्धा सेकंद धरून हिशेब करू. सहा अंकी पिनच्या १० लाख शक्यता. एका संगणकावर त्या सगळ्या तपासायला सहा दिवसही लागत नाहीत. आता ७,७७६ शब्दांच्या यादीतून फासे टाकून चार शब्द निवडा. एक हजार संगणक लावले तरी सगळ्या शक्यता संपायला सुमारे ५८ हजार वर्षं लागतील. सॉफ्टवेअर एन्क्रिप्शनच्या बाबतीत कच्चं असेल, संथ पायरी नसेल, तर हा हिशेब कोलमडतो. तेव्हा सहा शब्द घ्या.

शब्द फाशांनी निवडायचे, मनाने नाही. मनाने निवडलेला पासवर्ड आपल्याकडे कसा असतो, ते अंदाज लावणाऱ्यालाही ठाऊक असतं: कुलदैवताचं नाव आणि १२३, मुलीचं नाव आणि जन्मवर्ष, जीए ०३ पासून सुरू होणारा गाडीचा नंबर, गेस्ट हाउसचं नाव आणि चालू साल. शेवटी ॲटचं चिन्ह लावल्याने यात काही फरक पडत नाही.

९. पासवर्ड देवनागरीत ठेवू का? मला मराठी वाक्य सहज लक्षात राहतं.

ठेवता येतो, आणि वाक्य लांब असेल तर चांगलाही असतो. पण यात काही खड्डे आहेत आणि त्यांबद्दल मराठीत फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

पासवर्ड टाकताना पडद्यावर ठिपके दिसतात. इन्स्क्रिप्ट चालू आहे, फोनेटिक कीबोर्ड आहे की इंग्रजी, हे कळत नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे डोळ्यांना सारखी दिसणारी अक्षरं संगणकात वेगळी असू शकतात. ‘ॲ’ हे एकच अक्षर म्हणून युनिकोडमध्ये आहे. ‘अ’वर चंद्र देऊनही ते लिहिता येतं. दिसायला एकच, बाइट वेगळे, आणि युनिकोडच्या दृष्टीने ते दोन्ही समान नाहीत. ‘ऱ’चंही तसंच: काही कीबोर्ड एक अक्षर पाठवतात, काही ‘र’ आणि नुक्ता. हे दोन प्रकार मात्र युनिकोड समान मानतं, त्यामुळे एनएफसी हे सामान्यीकरण केलं, म्हणजे समान अक्षरांना एकच रूप दिलं, की ते जुळतात. ‘दऱ्या’ किंवा ‘वाऱ्यावर’ लिहिताना काही कीबोर्ड मधे न दिसणारा जोडणारा वर्णही घालतात, आणि एनएफसी तो काढत नाही. १२३ हे अंक देवनागरी की रोमन, तोही घोळ आहेच. घरच्या संगणकावर चालणारा पासवर्ड ऑफिसात चालत नाही, तेव्हा कारण बहुधा यांपैकी एक असतं. फाइल बिघडली असं समजून लोक ती पुसून टाकतात, याचं फार वाईट वाटतं.

वापरणाऱ्यांनी ॲ, ऑ, ऱ असलेले शब्द आणि अंक टाळावेत, आणि पासवर्ड एकदा दाखवून पाहावा. लिहिणाऱ्यांनी किल्ली काढण्याआधी मजकूर एनएफसी करून यूटीएफ-८ मध्ये न्यावा, ‘पासवर्ड दाखवा’ हे बटण द्यावं, आणि बीक्रिप्ट हे पासवर्डचा हॅश काढणारं साधन वापरत असाल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: ते ७२ बाइटांपर्यंतच बघतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचं, मात्रा आणि हलन्तही त्यात मोजले जातात. म्हणजे २४ चिन्हांत मर्यादा संपली. पुढचं वाक्य काहीही असलं तरी अनेक ठिकाणी कुलूप उघडतं. इंग्रजीत चाचणी घेणाऱ्याला हे कधीच दिसत नाही. कोंकणी देवनागरीत टाकणाऱ्यांनाही हे सगळं तितकंच लागू.

१०. पासवर्ड विसरलो तर?

रिकव्हरी किल्ली नसेल आणि एन्क्रिप्शन खरं असेल, तर माहिती गेली. म्हणून एन्क्रिप्शन चालू करायच्या दिवशीच रिकव्हरी किल्ली छापा. बिटलॉकरची ४८ अंकी असते. मायक्रोसॉफ्ट खात्याने विंडोज ११ सुरू केलं असेल तर ती त्या खात्यात जमा होते. ते खातं कुणाचं आहे हे बघा, कारण अनेक ऑफिसांत ते संगणक बसवून देणाऱ्या मुलाचं निघतं. मदरबोर्ड बदलला किंवा बायोस अपडेट झालं की हीच किल्ली मागितली जाते.

छापलेला कागद बंद पाकिटात, संगणकापासून लांब, शक्यतो बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. साध्या कागदी पाकिटाला पावसाळ्यातली ओल पुरते, म्हणून कागद प्लॅस्टिकमध्ये घाला.

११. पासवर्ड बदलला की सगळी माहिती पुन्हा एन्क्रिप्ट होते का?

नीट लिहिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये नाही. माहिती एका यादृच्छिक किल्लीने एन्क्रिप्ट होते, आणि ती किल्ली तुमच्या पासवर्डपासून काढलेल्या दुसऱ्या किल्लीने. पासवर्ड बदलला की फक्त ही दुसरी गुंडाळी बदलते, म्हणून काम क्षणात होतं.

याची दुसरी बाजूही लक्षात घ्या. जुना बॅकअप जुन्याच पासवर्डने उघडतो, आणि त्यातून मिळणारी आतली किल्ली आजच्या फाइललाही लागू पडते. पासवर्ड फुटल्याचा संशय असेल तर नुसता बदलू नका. आतली किल्लीही नवी करून सगळी माहिती पुन्हा एन्क्रिप्ट करा आणि जुने बॅकअप नष्ट करा.

१२. दर तीन महिन्यांनी बदलायचा नियम पाळू का?

नको. अमेरिकेच्या प्रमाण संस्थेनेही २०१७ पासून हा आग्रह सोडला आहे. सक्ती केली की लोक शेवटचा आकडा एकाने वाढवतात. फुटल्याची शंका आली की मात्र लगेच बदला (प्रश्न ११).

१३. काउंटरवर चौघं काम करतात. एकच पासवर्ड सगळ्यांना देऊ का?

प्रश्न ११ मधली आतली किल्ली प्रत्येकाच्या पासवर्डने वेगवेगळी गुंडाळून ठेवता येते. असं सॉफ्टवेअर असेल तर प्रत्येकाला स्वतंत्र पासवर्ड द्या. सीझन संपून एखादा मुलगा गावी गेला की त्याची गुंडाळी काढून टाकायची, बाकीच्यांना काही बदलावं लागत नाही. तशी सोय नसेल तर तो गेला त्या दिवशी सगळ्यांचा पासवर्ड बदला. त्याने आधीच प्रत काढून नेली असेल, तर यातलं काहीही उपयोगी पडत नाही. म्हणून काउंटरवरच्या माणसाला पूर्ण यादी बाहेर काढण्याचा अधिकारच देऊ नका.

१४. फाइल एन्क्रिप्ट केली आणि मूळ फाइल डिलीट केली. झालं ना?

बहुतेक वेळा नाही. पाहुण्याचा पासपोर्ट काउंटरवर कसा फिरतो ते आठवा. त्याने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला, तो डाउनलोड्समध्ये उतरला, परदेशी पाहुण्याची माहिती कळवणारा फॉर्म भरताना डेस्कटॉपवर त्याची प्रत झाली, छपाईला गेला तेव्हा प्रिंटरच्या रांगेत काही काळ राहिला, विंडोजने त्याचं छोटं चित्र करून ठेवलं, आणि कुणीतरी तो स्कॅन करून ‘स्कॅन’ नावाच्या फोल्डरमध्येही टाकला. तुम्ही एन्क्रिप्ट केली त्यांतली एक प्रत.

एसएसडीवर जुन्या फाइलवर नवा मजकूर लिहून ती पुसण्याची युक्तीही भरवशाची नाही. झीज सगळीकडे सारखी व्हावी म्हणून एसएसडी नवा मजकूर दुसऱ्याच जागी लिहिते. उपाय उलट्या बाजूने करावा लागतो: आधी संपूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करा, मग माहिती तिच्यावर येऊ द्या. आणि त्यावर सॉफ्टवेअरचं स्वतःचं एन्क्रिप्शन हवंच, कारण संगणक चालू असताना डिस्क उघडीच असते.

१५. मधेच वीज गेली तर एन्क्रिप्टेड फाइल कायमची बंद होईल का?

ही भीती रास्त आहे. साध्या फाइलचा एक तुकडा बिघडला तर बाकीचा मजकूर वाचता येतो. एन्क्रिप्टेड फाइलच्या सुरुवातीचा, सॉल्ट आणि गुंडाळलेली किल्ली असलेला भाग बिघडला तर सगळंच जातं. जूनमधल्या पहिल्या वादळी संध्याकाळी असे फोन येतातच.

लिहिणाऱ्यांनी चालू फाइलवर थेट लिहू नये. शेजारी नवी फाइल पूर्ण लिहा, ती डिस्कवर उतरल्याची खात्री करा, मग नाव बदला. वीज कुठल्याही क्षणी गेली तरी जुनी किंवा नवी, एक अखंड प्रत राहते. एसक्यूलाइट या एका फाइलीतल्या डेटाबेसवर काम असेल तर त्याची एन्क्रिप्टेड आवृत्ती एसक्यूएलसायफर ही काळजी घेतं आणि सोबतच्या जर्नल फाइलीही एन्क्रिप्ट करतं. व्हेराक्रिप्ट या डिस्क एन्क्रिप्ट करणाऱ्या मोफत प्रोग्राममध्ये या सुरुवातीच्या भागाचा वेगळा बॅकअप काढता येतो, तो काढून ठेवा. यूपीएस घ्या, आणि बॅकअपची एक प्रत दुसऱ्या जागी ठेवा, तीही एन्क्रिप्टेडच.

१६. एन्क्रिप्शन असेल तर रॅन्समवेअरपासून वाचतो का?

नाही. रॅन्समवेअर, म्हणजे फाइली बंद करून खंडणी मागणारा व्हायरस, तुमची एन्क्रिप्टेड फाइल पुन्हा आपल्या किल्लीने एन्क्रिप्ट करतो. तिथे कामाला येतो तो संगणकाला न जोडलेला बॅकअप.

१७. सॉफ्टवेअर उघडं असताना माहिती सुरक्षित असते का?

तेव्हा किल्ली मेमरीत असते. कळफलक टिपणारा व्हायरस संगणकात असेल तर तो पासवर्डच उचलतो, मग एन्क्रिप्शनचा काही उपयोग उरत नाही. हायबरनेट केलं की सगळी मेमरी डिस्कवर उतरते, किल्लीसकट. हे प्रश्न १४ मधल्या पूर्ण डिस्क एन्क्रिप्शनचं आणखी एक कारण. काही मिनिटं हात लागला नाही तर सॉफ्टवेअरने स्वतः बंद व्हावं आणि किल्ली मेमरीतून पुसावी. वापरणाऱ्याला ते त्रासाचं वाटतं, तरीही ठेवा. चोरीचं सॉफ्टवेअर आणि त्याचे ‘क्रॅक’ हे असे व्हायरस येण्याचे नेहमीचे मार्ग आहेत.

१८. ‘पासवर्ड लक्षात ठेवा’ यावर टिक करू का?

सॉफ्टवेअर तो कुठे ठेवतं यावर ते अवलंबून आहे. साध्या सेटिंग्ज फाइलमध्ये ठेवत असेल तर मुळीच नको. विंडोजचं डीपीएपीआय किंवा मॅकची कीचेन, म्हणजे गुपितं ठेवण्याची त्या त्या यंत्रणेची सोय, वापरत असेल तर तो तुमच्या खात्याशी बांधलेला राहतो. एक अपवाद माहीत असू द्या: दुरुस्तीवाल्याने विंडोजचा स्थानिक पासवर्ड बाहेरून जबरदस्तीने बदलला, की डीपीएपीआयने ठेवलेली गुपितं उघडत नाहीत. म्हणून मूळ पासवर्ड तुमच्याकडे असायलाच हवा. पुष्कळ पासवर्ड असतील तर कीपाससारखा पासवर्ड सांभाळणारा प्रोग्राम वापरा.

१९. आधार नंबर एन्क्रिप्ट न करता एसएचए-२५६ हॅश करून ठेवले तर? शोधही घेता येतो.

हा प्रश्न प्रोग्राम लिहिणाऱ्यांकडून येतो, आणि कल्पना वरवर बरोबर दिसते. पण आधारला १२ अंक. पहिला अंक ० किंवा १ नसतो आणि शेवटचा पडताळणीचा असतो. म्हणजे शक्यता फक्त ८,००० कोटी. साधं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला १०० कोटींहून जास्त हॅश काढतं. दीड मिनिटात तुमच्या यादीतला प्रत्येक नंबर उघडा पडतो. मोबाइल नंबर आणि पासपोर्ट नंबर तर त्याहूनही लवकर.

शोध हवा असेल तर नंबर जीसीएमने एन्क्रिप्ट करून ठेवा आणि शेजारी एचएमएसीने, म्हणजे गुप्त किल्ली घालून काढलेला हॅश ठेवा. ती किल्ली प्रश्न ११ मधल्या आतल्या किल्लीपासून काढा, वेगळ्या नावाने. एकच किल्ली दोन कामांना वापरू नका.

२०. किल्ली प्रोग्रामच्या कोडमध्येच लपवली तर वापरणाऱ्याला पासवर्डचा त्रास नाही. चालेल का?

नाही. प्रोग्राम ज्याच्या हातात आहे त्याच्या हातात किल्ली आहे, आणि ती सगळ्या ग्राहकांची एकच असते. एका म्हापशाच्या ग्राहकाकडची प्रत कुणी उलगडली की काणकोणपर्यंत सगळे उघडे पडतात. रचना शत्रूला माहीत आहे असं धरूनच ती सुरक्षित असली पाहिजे, हे केर्कहॉफ्स या डच अभ्यासकाने १८८३ मध्येच मांडलं. स्वतःची एन्क्रिप्शन पद्धतही शोधू नका. लिबसोडियम ही एन्क्रिप्शनची तयार लायब्ररी मोफत आहे आणि तिची कसून तपासणी झालेली आहे.

२१. कायदा काय म्हणतो? आमचं तर छोटं गेस्ट हाउस आहे.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माहिती सांभाळण्याच्या वाजवी उपायांमध्ये नियमांनी एन्क्रिप्शनचं नाव घेतलं आहे, आणि असे उपाय न केल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत असू शकतो. माहिती फुटली तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला ६ तासांत कळवायचं, असे एप्रिल २०२२ चे निर्देश आहेत.

परदेशी पाहुण्याची माहिती २४ तासांत कळवावी लागते, म्हणून पासपोर्टची प्रत घ्यावी लागते, हे खरं. पण कायद्याने जेवढा काळ ठेवायला सांगितलं आहे तो संपला की ती पुसा. सात वर्षांपूर्वी एकदा राहून गेलेल्या माणसाचा पासपोर्ट सांभाळत बसण्याचं काहीच कारण नाही, आणि नसलेली माहिती कुणी चोरू शकत नाही.

२२. नवरा बोटीवर असतो. घरच्या संगणकातली कागदपत्रं मला उघडता यायला हवीत, पण पासवर्ड व्हॉट्सॲपवर पाठवायला नको वाटतं.

नको वाटतं ते बरोबर आहे. बोटीवर जाण्याआधी तुमच्या नावाने दुसरा पासवर्ड जोडून घ्या (प्रश्न १३). तशी सोय नसेल तर प्रश्न १० मधलं पाकीट घरात नव्हे, लॉकरमध्ये ठेवा आणि लॉकर दोघांच्या नावावर करा. पाठवायची वेळ आलीच तर फोनवर बोलून सांगा, आणि लगेच बदला. सीडीसी (बोटीवर काम करणाऱ्याचं नोंदपुस्तक), पासपोर्ट, पोर्तुगीज काळातले जन्मदाखले अशी कागदं पुन्हा मिळवायला महिने जातात, त्यामुळे त्यांचा एन्क्रिप्टेड बॅकअप दोन ठिकाणी असू द्या.

२३. देवस्थानच्या समितीत कुणा एकाच्या हातात पासवर्ड नको. अध्यक्षांना पहिला अर्धा आणि खजिनदारांना दुसरा अर्धा दिला तर?

हेतू चांगला, पद्धत कच्ची. चार शब्दांपैकी दोन ज्याला माहीत आहेत त्याला उरलेले दोनच शोधायचे असतात, आणि ७,७७६ च्या यादीत त्या शक्यता ६ कोटींच्या आसपास उरतात. हजार संगणकांची गरजच नाही, एक संगणक वर्षभरात काम करील. शिवाय दोघांपैकी एक आजारी पडला तर सगळं बंद.

आदी शामीर यांनी १९७९ मध्ये याची नेमकी रीत दिली. किल्लीचे, समजा, पाच वाटे करायचे, आणि कुठलेही तीन एकत्र आले तरच किल्ली मिळेल असं गणित ठेवायचं. एक किंवा दोन वाटे हातात असलेल्याला किल्लीबद्दल काहीही कळत नाही, शक्यता एकानेही कमी होत नाहीत. हे करणारे मोफत प्रोग्राम आहेत. इंटरनेट तोडलेल्या संगणकावर वाटे काढा, छापा, आणि त्याच बैठकीत कुठलेही तीन घेऊन किल्ली खरंच परत मिळते का ते करून बघा. वाटा कुणाकडे दिला ते इतिवृत्तात लिहा. वाट्यावरचा मजकूर लिहू नका. समिती बदलली की जुने वाटे परत मागून भागत नाही, कारण त्यांची प्रत निघालेली असू शकते. नवी आतली किल्ली, नव्याने एन्क्रिप्शन आणि नवे पाच वाटे, हे नव्या समितीच्या पहिल्याच बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्या.